एकेक ओळ खरी, पान खोटं : इंदूरच्या एका कॉलेज-वृत्तपत्राचं प्रकरण

पहिलं पान हातात घेतल्यावर काय दिसत होतं, ते आधी सांगते.

वर नामपट्टी. तिच्या डाव्या कानात, म्हणजे नावाच्या बाजूच्या छोट्या जागेत, मराठी मंडळाचं बोधचिन्ह, उजव्या कानात परीक्षा अर्जाची शेवटची तारीख. त्याखाली चारही कॉलम व्यापणारा मथळा : ‘अनामतीचे पैसे गेले कुठे?’ मथळ्याच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ, जिला डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पान लावतात तिथे, शोल्डर म्हणतात : ‘तीन वर्षांत अर्ज न केलेल्यांची रक्कम राजसात’. उजवीकडे दोन कॉलमी उभा फोटो. लेखा शाखेची खिडकी, जाळीपलीकडे एक गृहस्थ, चष्मा नाकावर घसरलेला, हातात नोटांची गड्डी. फोटोखाली ओळ : ‘लेखा शाखेत रक्कम मोजताना कर्मचारी’.

मथळ्यात नुसता प्रश्न आहे. शोल्डरमधली ओळ कॉलेजच्या हिंदी सूचनेतून शब्दशः उचललेली. फोटो खरा, त्याखालची ओळही खरी, कारण तो माणूस खरोखरच पैसे मोजत होता. पण चौघांना एकत्र पाहिलं की पान म्हणतं, याने पैसे खाल्ले. हे कुणीही लिहिलं नव्हतं आणि लिहावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. तरी अंक वाटला गेला त्या दिवशी दुपारपर्यंत कॉलेजात सगळ्यांनी तेच वाचलं.

मी या वृत्तपत्राची मार्गदर्शक. हिंदी दैनिकाच्या डेस्कवर एकोणीस वर्षं काढून आता या कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस पत्रकारितेचे तास घेते. कॉलेजचं नाव इथे देत नाही, मुलांचंही नाही. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एकच. बातमी कशी लिहावी हे आपण मुलांना शिकवतो, पण मथळा, शोल्डर, फोटोओळ, चौकट हा वृत्तपत्राचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे काहीतरी सांगत असतो आणि त्या सांगण्याची जबाबदारी वेगळी घ्यावी लागते, हे शिकवायचं राहून जातं. माझ्याकडून राहून गेलं होतं.

बातमी

बातमी चांगली होती, हे आधी नोंदवायला हवं. बातमीदार मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची. घर सुदामानगरला, घरात मराठी, शाळा हिंदी माध्यमाची. तिच्या मावसभावाने पदवी घेतली, टीसी काढली, नोकरीला लागला. आणि प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत परत मागायला चार वर्षांनी गेला, तर मुदत संपल्याचं कळलं. तिने विचारपूस केली. असे पुष्कळ निघाले.

मग तिने माहिती अधिकारात अर्ज करायचं ठरवलं. २००५ च्या या कायद्याखाली ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि अर्जाला दहा रुपये पडतात, एवढं तिला वर्गात सांगितलेलं होतं. अर्जात तिने लिहिलं, ‘डिपॉझिट की राशि’. अर्ज देण्याआधी ती लेखा शाखेच्या खिडकीवर गेली आणि तिथल्या काकांना दाखवला. मराठी मुलं त्यांना काका म्हणतात, बाकीची बाबूजी. काकांनी वाचून सांगितलं, “बेटा, डिपॉझिट असं लिहिलंस तर ‘ऐसा कोई अभिलेख नहीं’ म्हणून उत्तर येईल. आमच्या रजिस्टरवर ‘अवधान राशि’ लिहिलंय. तोच शब्द घाल. आणि कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, तेही घाल.” शिवाय म्हणाले, माझं नाव कुठे घेऊ नकोस. तिने कबूल केलं.

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. न मागितलेल्या रकमा कॉलेजच्या समितीच्या ठरावाने विद्यार्थी कल्याण निधीत वर्ग होत होत्या. चार वर्षांची बेरीज तीन लाखांवर. पैसे कुणी खाल्ले नव्हते. पण तीन वर्षांत अर्ज करावा लागतो, ही अट प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत नव्हती. लेखा शाखेच्या आतल्या भिंतीवर, जिथे विद्यार्थी जातच नाहीत, तिथे तिचा कागद लावलेला होता. बातमी हीच होती. तिने लिहिलेलं आमुख, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, असा :

‘कॉलेज सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत लेखी अर्ज न केल्यास विद्यार्थ्याची अनामत रक्कम विद्यार्थी कल्याण निधीत जमा केली जाते, असे माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरातून स्पष्ट झाले आहे. गेल्या चार वर्षांत अशा प्रकारे जमा झालेली रक्कम तीन लाखांहून अधिक आहे. ही अट प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापलेली नाही.’

कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे सहा ‘क’ आमुखात शोधायला मी मुलांना सांगते. इथे बहुतेक सापडतात, आणि शेवटच्या वाक्यात बातमीचा खरा काटा आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने इतकं स्वच्छ लिहिलेलं वाचून मला फार आनंद झाला होता. त्या आनंदातच पुढची चूक झाली.

आमुखाखाली तपशील, मग दोन माजी विद्यार्थ्यांच्या प्रतिक्रिया, मग प्राचार्यांचं म्हणणं, आणि अगदी शेवटी एक परिच्छेद : लेखा शाखा फक्त नोंद ठेवते, रक्कम वर्ग करण्याचा निर्णय समितीचा असतो, शाखेतल्या कुणाला तो अधिकार नाही. हा परिच्छेद शेवटी का, तर मीच शिकवलं होतं म्हणून. उलटा पिरॅमिड : महत्त्वाचं वर, उतरत्या क्रमाने बाकीचं खाली, म्हणजे पान लावताना जागा कमी पडली तर मजकूर खालून कापता येतो. नियम चांगला आहे. त्यात एक भर घालायला हवी होती, ती मी त्यानंतर वर्गात घालते. ज्या वाक्यावर कुणाची अब्रू उभी आहे, ते वाक्य कापण्याच्या जागी ठेवायचं नाही. बातमीच्या दृष्टीने ते दुय्यम असेल, तरीही नाही.

बातमीबरोबर एक चौकटही होती, ‘अनामत परत कशी मिळवाल?’ मूळ पावती, अदेय प्रमाणपत्र (कॉलेजचं काही देणं बाकी नसल्याचा दाखला), बँक पासबुकाची झेरॉक्स, अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, पोच कशी घ्यायची. वाचकाच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट ती होती.

छपाईच्या रात्री

अंक ए-थ्री कागदावर निघतो. कागद मधोमध दुमडला की ए-फोर आकाराची चार पानं होतात. म्हणून आमच्या अंकाला पानं वाढवायची तर चारच्या पटीत. प्रती पाचशे. पानं राजवाड्याच्या मागच्या एका डीटीपीच्या दुकानात लागतात. दुकान हिंदी कामाचं, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचं. तिथला मुलगा कामाला हुशार आहे, मनाचाही चांगला आहे. पण त्याच्याकडे जुना फॉन्ट, आणि आमची मुलं मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितात. मजकूर एकातून दुसऱ्यात बदलून घ्यावा लागतो.

मराठीत ‘ऱ्य’ आहे, हिंदीत तो नाही. ‘तिसऱ्या’, ‘कर्मचाऱ्याकडे’, ‘दुसऱ्या’ हे शब्द बदलताना त्या ‘ऱ्य’चा डोक्यावरचा रफार व्हायचा, नाहीतर तिथे एक चौकोन उमटायचा. बातमीत असे शब्द कमी होते, ते हाताने सुधारले. चौकटीत ओळीओळीला होते : तिसऱ्या वर्षाची पावती, कर्मचाऱ्याची सही, अधिकाऱ्याचा शिक्का. पान लावणारी दोन मुलं अर्धा तास झगडली. “मैडम को फोन लगाओ, ये अक्षर इसमें आता ही नहीं,” दुकानातला मुलगा म्हणाला. मी देवासला एका लग्नात होते, फोन लागला नाही. दुकान नऊला बंद होतं, प्रेसवाला प्लेट मागत होता. शेवटी चौकट काढून टाकली.

पानात दोन कॉलमांचं भगदाड पडलं. ते भरायला मोबाइलमध्ये लेखा शाखेच्या खिडकीचा फोटो होता, आदल्या वर्षीच्या प्रवेशाच्या गर्दीच्या वेळी काढलेला. उभा फोटो चौकटीपेक्षा उंच निघाला, म्हणून बातमी खालून चार सेंटिमीटर कापली. शेवटचा परिच्छेद गेला. फोटोखाली ‘संग्रहित’ हा शब्द घालायचा राहिला. मूळ मथळा ‘अनामतीची अट विद्यार्थ्यांना ठाऊकच नाही’ असा होता, पण तो चार कॉलमांत मोठ्या टाइपात बसेना. म्हणून संपादक मुलाने लहान मथळा केला, ‘अनामतीचे पैसे गेले कुठे?’ वर मोकळी जागा राहिली, तिथे सूचनेतली ओळ चढवली.

‘राजसात’ या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. मध्य प्रदेशातल्या सरकारी हिंदीत तो रोजचा आहे. मुदत संपली की रक्कम ‘राजसात’ होते, म्हणजे मागणाऱ्याचा हक्क संपून ती संस्थेकडे जमा होते. मराठीत असा शब्द आपण वापरत नाही. वाचणाऱ्याला तो लुबाडणुकीसारखा ऐकू येतो. इंदूरच्या मराठी मुलांच्या लिखाणात असे शब्द कायम सरकून येतात. ‘आपत्ती’ लिहितात आणि म्हणायचं असतं हरकत. ‘संशोधन’ लिहितात आणि म्हणायची असते नियमातली दुरुस्ती. ‘शिक्षा’चं तर विचारूच नये, एका भाषेत शिकणं आणि दुसऱ्या भाषेत दंड. दोन भाषांत जगणाऱ्या गावात डेस्कवर बसणाऱ्याने प्रत्येक सरकारी शब्द हातात घेऊन पाहायला हवा. आपल्यासारख्या मराठी घरांतून माधवराव सप्रे, बाबूराव विष्णू पराडकर, राहुल बारपुते यांच्यासारखी माणसं हिंदी पत्रकारितेत गेली आणि तिथले मोठे संपादक झाली, सप्रे-पराडकर इतर गावांतून, बारपुते इथूनच, इंदूरच्या ‘नईदुनिया’ या हिंदी दैनिकातून. दोन्ही भाषांचा कान असणं ही त्यांची ताकद होती. आमच्या मुलांकडे तो कान आहे. त्याचं ओझं होऊ नये, एवढीच काळजी घ्यायची.

त्या संध्याकाळी साडेसहाला मला बातमीचा मजकूर मोबाइलवर आला होता. मी वाचला, दोन स्वल्पविराम सुचवले आणि लिहिलं, ‘छान आहे, सोडा’. ‘पान पाठवा’ असं लिहिलं नाही. डेस्कवरच्या एकोणीस वर्षांत पान न बघता मी कधी सोडलं नव्हतं. इथे सोडलं, कारण मनात कुठेतरी हा मुलांचा अंक होता. हा दोष माझा आहे आणि तो मुलांसमोर मी त्याच शब्दांत कबूल केला.

दोन दिवस

अंक सकाळी फाटकापाशी, पोह्याच्या ठेल्याजवळ वाटला. अकरापर्यंत पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला. तोही सबंध पानाचा नाही, फक्त वरच्या अर्ध्याचा. मथळा, शोल्डर, फोटो, फोटोओळ आणि आमुखाच्या तीन ओळी. मोठ्या वृत्तपत्रात घडीच्या वरचा भाग महत्त्वाचा मानतात, कारण ठेल्यावर घडी केलेला अंक तेवढाच दिसतो. मोबाइलने ती घडी परत आणली आहे. माणूस पकडतो तो वरचा अर्धा भाग आणि पुढे पाठवतो.

संध्याकाळी मुलांच्या एका गटावर कुणीतरी लिहिलं, ‘यही है वो’. दुसऱ्या दिवशी खिडकीवर एका पालकाने नोटा परत परत मोजून घेतल्या. काकांच्या कॉलनीत गणपतीच्या वर्गणीचा हिशोब गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे असायचा. त्या रात्री मंडळातल्या एकाने सहज विचारल्यासारखं विचारलं, यंदा वही दुसऱ्या कुणाकडे देऊ या का?

तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. अंक चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलेला. उभेच राहिले. म्हणाले, “ताई, मी सबंध बातमी वाचली. दोनदा वाचली. त्यात माझ्याबद्दल वाईट एक अक्षर नाही, हे मला समजतं. पण माझ्या मिसेसने फक्त वरचं बघितलं, आणि ती म्हणाली, तुमचं काय चुकलं ते मला तरी सांगा.”

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. म्हणाले, “त्या पोरीला रागावू नका. तिने शब्द पाळला. माझं नाव कुठे घेतलं नाही.”

तिने नाव पाळलं होतं आणि पानाने चेहरा दाखवला होता.

वाद

त्या दुपारी संपादक मंडळ बसलं. संपादक मुलगा आधी ठाम होता. त्याचं म्हणणं, यातला एक तरी शब्द खोटा दाखवा. प्रश्नचिन्ह टाकलं आहे, आरोप केलेला नाही. मुलं असं म्हणतात तेव्हा त्यांना गप्प करू नये. मोठमोठे संपादकही हेच म्हणतात. मी एवढंच केलं, ज्याने बातमी वाचलेली नव्हती अशा बी.एस्सी.च्या एका मुलाला व्हरांड्यातून बोलावलं, पान समोर धरलं, खालचा मजकूर वहीने झाकला आणि विचारलं, काय कळलं? तो म्हणाला, “बाबूजी ने कुछ गड़बड़ की है।” खोलीत कुणी काही बोललं नाही.

पानावर दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचक त्यांची सोयरीक जुळवतोच. मथळ्यातला प्रश्न उत्तर मागतो, आणि डोळ्याला सर्वांत जवळ जे दिसेल ते उत्तर होतं. मथळ्यात ‘कुठे’ आणि शेजारी नोटांची गड्डी धरलेला माणूस. मग ‘कर्मचारी’ हा शब्द निरुपद्रवी राहत नाही.

कायद्याची बाजूही मी सांगितली, भीती घालायला नाही तर शब्द किती मोजून लिहिलेत ते दाखवायला. बदनामीची व्याख्या पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. बोललेले किंवा वाचण्यासाठी लिहिलेले शब्द, खुणा आणि दृश्य चित्रण, या सगळ्यांतून बदनामी होऊ शकते, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे फोटो हासुद्धा बोलतो, हे कायद्याला दीडशे वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. आम्हाला त्या रात्री माहीत नव्हतं.

बातमीदार मुलगी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, “बातमीवर माझं नाव आहे. मथळा मी दिलेला नाही, फोटो मी लावलेला नाही. पण कॉलेजात सगळे म्हणतात, तूच काकांना फसवलंस.” तिचं बरोबर होतं. बातमीला बातमीदाराचं नाव असतं, त्याला बायलाइन म्हणतात. मथळ्याला, फोटोओळीला कुणाचंच नाव नसतं. ती डेस्कची कामं. वाचकाला ही विभागणी ठाऊक नसते आणि असायचं कारणही नाही. म्हणून डेस्कवर बसणाऱ्याने मथळा देताना लक्षात ठेवायचं, की आपण दुसऱ्याच्या नावाखाली लिहीत आहोत.

आणखी एक उणीव त्याच दिवशी कळली. काकांच्या मुलाला कुणाशी बोलावं हे समजेना, कारण चौथ्या पानाच्या तळाशी फक्त ‘मराठी मंडळ, खासगी वितरणासाठी’ एवढंच होतं. दैनिकांच्या शेवटच्या पानाच्या तळाला जी बारीक ओळ असते, मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, संपादक अमुक, छापण्याचं ठिकाण अमुक, ती कुणी वाचत नाही. पण १८६७ च्या कायद्यापासून वृत्तपत्रावर नाव-ठिकाण छापणं बंधनकारक राहिलं ते यासाठी, की तक्रार घेऊन जायला एक दार असावं. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा आला, १ मार्च २०२४ पासून लागू झाला. ओळीमागचं कारण तेच आहे. आमचा अंक कॉलेजपुरता आहे, पण दार तर हवंच.

दुरुस्ती

दुरुस्ती कुठे आणि किती मोठी, यावर जास्त चर्चा झाली. एकाने सुचवलं, चौथ्या पानावर खाली चौकट टाकू. बहुतेक वृत्तपत्रं तेच करतात, हे खरं. पण चूक पहिल्या पानावर चार कॉलमांत आणि दुरुस्ती शेवटच्या पानावर एका कॉलमात, हा हिशोब जुळत नाही. भारतीय प्रेस परिषदेची पत्रकारितेची जी आचारसंहिता आहे, तीही हेच सांगते : चूक लक्षात आली की स्वतःहून, लवकर, योग्य ठळकपणे दुरुस्ती द्यावी, आणि गंभीर असेल तर खेद व्यक्त करावा. आम्ही महिनाभर थांबायचं नाही असं ठरवलं. चार दिवसांत एकपानी पुरवणी काढायची, त्याच पाचशे प्रती.

मजकुराचा पहिला मसुदा संपादक मुलाने आणला :

‘गेल्या अंकातील बातमीसोबतच्या छायाचित्रामुळे काही गैरसमज निर्माण झाले असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’

हे वाक्य आपण सगळे रोज वाचतो. त्यात ‘झाले असल्यास’ आहे, म्हणजे झाले की नाही याची आम्हाला खात्री नाही. ‘गैरसमज निर्माण झाले’ आहे, म्हणजे चूक वाचकाची. कुणाची क्षमा मागतोय ते नाही, काय चुकलं ते नाही. मी काही लिहून दिलं नाही. त्याला म्हटलं, हे काकांसमोर उभं राहून मोठ्याने वाचता येईल असं कर. तो तासाभराने परत आला :

‘गेल्या अंकात पहिल्या पानावर अनामत रकमेच्या बातमीशेजारी लेखा शाखेतील कर्मचाऱ्याचे छायाचित्र छापले. ते एक वर्षापूर्वीचे होते आणि त्याचा बातमीशी संबंध नव्हता. अनामत रक्कम वर्ग करण्याचा निर्णय समितीचा असतो. लेखा शाखा केवळ नोंद ठेवते. ही माहिती बातमीत होती, ती आम्ही जागेअभावी कापली. त्या कर्मचाऱ्याचा कोणताही दोष नसताना त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले, याला आम्ही जबाबदार आहोत. आम्ही त्यांची क्षमा मागतो.’

खाली सर्वांत आधी संपादकाचं नाव, मग पान लावणाऱ्या दोघांचं, मग माझं. बातमीदार मुलीचं नाव त्यात नको असं मुलांनीच ठरवलं. कर्मचाऱ्याचं नाव छापायचं का, हे काकांना विचारलं. ते म्हणाले, नको. फोटो? “तो तर मुळीच नको.”

शीर्षकावर थोडा वाद झाला. ‘कर्मचाऱ्याने पैसे खाल्लेले नाहीत’ असं एकाने सुचवलं, प्रामाणिकपणे. पण नकारात का असेना, आरोप पुन्हा मोठ्या टाइपात जातो आणि मोबाइलवर अर्धा कापून फिरतो. शेवटी ‘दुरुस्ती आणि क्षमायाचना’ एवढंच ठेवलं. त्याखाली, डाव्या दोन कॉलमांत दुरुस्ती. उजव्या दोन कॉलमांत, जिथे तो फोटो होता तिथेच, छापायची राहिलेली चौकट : ‘अनामत परत कशी मिळवाल?’ या वेळी सगळा मजकूर घरीच युनिकोडमध्ये पानावर लावून पीडीएफ करून नेला, आणि एकेक ‘ऱ्य’ बोट ठेवून तपासला.

ज्या गटांवर वरचा अर्धा भाग फिरला होता, त्या सगळ्या गटांवर मुलांनी पुरवणीचा फोटो पाठवला. पहिला जितका फिरला तितका हा फिरला नाही. हेही मुलांना दिसायला हवं होतं आणि दिसलं. काकांच्या कॉलनीत संपादक मुलगा आणि मी स्वतः पंधरा प्रती घेऊन गेलो. गणपती मंडळाच्या अध्यक्षांनी उभ्यानेच वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, वही त्यांच्याकडेच राहील.

तेव्हापासून प्रत्येक अंकाचं पान लागलं की आम्ही बातमी न वाचलेल्या एका मुलाला बोलावतो. मजकूर झाकतो. मोठे टाइप, फोटो, फोटोओळ एवढंच बघून त्याने काय कळलं ते सांगायचं, आणि ते बातमीशी जुळलं तरच पान सुटतं. दर वेळी वेगळा मुलगा, कारण एकदा सराव झाला की त्याचा डोळाही आमच्यासारखा होतो. मागच्या महिन्यात क्रीडा पानावर यामुळे एक फोटो बदलावा लागला. हरलेल्या संघाच्या बातमीशेजारी हसणारे खेळाडू होते.

पुरवणी वाटल्यानंतरच्या सोमवारी मी लेखा शाखेपुढून गेले. खिडकीवर सात-आठ जण उभे होते, जुने विद्यार्थी, हातात पिवळ्या पडलेल्या पावत्या. काकांनी पुरवणीतली चौकट कात्रीने नीट कापून काचेला आतून चिकटवली होती, बाहेरून वाचता येईल अशी. दुरुस्तीचा अर्धा भाग दिसला नाही. विचारल्यावर त्यांनी ड्रॉवर ओढून दाखवला. रजिस्टरवर तो घडी न घालता सपाट ठेवलेला होता. “पासबुकाची झेरॉक्स म्हणालात तुम्ही,” ते म्हणाले, “पण आयएफएससी कोड दिसणारं पान हवं, हे राहिलं. पुढच्या अंकात घाला.”